घरांतील ऊब आणि बाहेरील हवा

महाराष्ट्रांत थंडीच्या दिवसांत स्नानासाठीं तांब्याचा बंब पेटविला आणि रात्रीं अंगावर घोंगडी ओढली कीं थंडीचा बंदोबस्त झाला, असें पिढ्यान् पिढ्या मानलें गेलें. उत्तर यूरोपांत एवढ्यानें भागत नाहीं. तेथें हिवाळ्यांत स्नानाचें पाणीच नव्हे, तर सगळें घरच तापवावें लागतें. ह्यासाठीं तळघरांत किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक बॉयलर असतो. त्यांत तापलेलें पाणी नळांवाटें खोलीखोलींतील लोखंडी रेडिएटरांत जातें, तेथें आपली उष्णता खोलीला देतें, आणि निवून पुन्हां बॉयलरकडे परततें. हें पाणी किती तापवावें, हा प्रश्न पाहतां अगदीं साधा. परंतु त्याचें समाधानकारक उत्तर व्यवहारांत उतरण्यास सुमारें तीनशें वर्षें लागलीं, आणि तें उत्तर घरोघरीं पोंचण्याचें काम तर अजूनहि संपलेलें नाहीं. उत्तर एवढेंच कीं, पाणी किती तापवावें हें घरांतील माणसाला न विचारतां घराबाहेरील हवेला विचारावें.

ह्या उत्तराच्या मुळाशीं असलेलें तत्त्व प्रथम पाहिलें पाहिजे. आइझॅक न्यूटन ह्यानें १७०१ सालीं एक लहानसा निबंध स्वतःचें नांव न घालतां प्रसिद्ध केला. तापलेला पदार्थ किती वेगानें निवतो, हें त्याच्या आणि भोंवतालच्या हवेच्या उष्णतामानांतील अंतरावर अवलंबून असतें, असें त्यानें त्यांत मांडलें. घर हाहि असाच एक तापलेला पदार्थ होय. आंत २० अंश सेल्सिअस राखावयाचे असून बाहेर उणे १५ अंश असतील, तर अंतर ३५ अंशांचें झालें. बाहेर ५ अंश असतील, तर तेंच अंतर १५ अंशांचें. म्हणजे दुसऱ्या दिवशीं भिंती, छप्पर आणि खिडक्या ह्यांतून निसटणारी उष्णता पहिल्या दिवसाच्या निम्म्याहूनहि कमी. जेवढी निसटते तेवढीच भरून काढावयाची असल्यामुळें रेडिएटरांतील पाणीहि त्या मानानें कमी तापलेलें पुरतें. उणे १५ अंशांच्या दिवशीं एखाद्या घराला सरासरी ७० अंशांचें पाणी लागत असेल, तर बाहेर ५ अंश असतां त्याच घराला सुमारें ४६ अंशांचें पाणी पुरें होतें. आणि बाहेर १५ अंश असतां तर ३१ अंशांच्या आसपासचें, म्हणजे हाताला कोंबट लागणारें पाणीहि चालतें. हिशेब असा सरळ आहे. तरीहि माणसाचें लक्ष प्रथम भट्टीकडे, नंतर खोलीकडे आणि सर्वांत शेवटीं बाहेरच्या हवेकडे गेलें.

आपलें उष्णतामान आपणच सांभाळणारी पहिली नांवाजलेली भट्टी कॉर्नेलिस ड्रेबेल ह्यानें बांधली. हा १५७२ सालीं हॉलंडांतील आल्कमार येथें जन्मला आणि पुढें इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ह्याच्या आश्रयास राहिला. टेम्स नदींत पाण्याखालून चालणारी नौका दाखविणारा म्हणून त्याची ख्याति आहे. परंतु त्याची भट्टी तिच्याहून अधिक दूरदर्शी होती. कोंबडीची अंडीं कृत्रिम उबेनें उबविण्याच्या पेटीसाठीं त्यानें ती रचिली होती. पेटीच्या भिंतींत मद्यार्काचें भांडें असे व त्याला पारा भरलेली वांकडी नळी जोडलेली असे. ऊब वाढली कीं मद्यार्क फुगे, पारा वर चढे, त्यावर तरंगणारी काडी उचलली जाई आणि भट्टीच्या हवेच्या वाटेवरील झडप मिटे. ऊब उतरली कीं हेंच सगळें उलट होई. मनुष्याचा हात न लागतां अग्नीला लगाम घालण्याची ही युक्ति होती. ड्रेबेल १६३३ सालीं लंडनमध्यें निर्धन अवस्थेंत वारला. त्याच्या युक्तीचें घरगुती उपयोगांत रूपांतर होण्यास पुढें अडीच शतकें जावीं लागलीं.

गरम पाण्यानें जागा तापविण्याची कल्पनाहि अशीच आडवाटेनें आली. मार्टन ट्रीवाल्ड नांवाच्या स्वीडिश गृहस्थानें १७१६ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें झाडांचें कांचघर गरम पाण्याच्या नळांनीं तापविलें. पुढें १७७७ सालीं बॉनमँ नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें पॅरिस येथें अंडीं उबविण्याच्या खोल्या ह्याच रीतीनें तापविल्या. तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें आणि निवलेलें जड होऊन खालीं उतरतें, एवढ्याच बळावर त्याच्या नळांतील पाणी फिरत असे. उष्णतेनें कमीअधिक लांब होणाऱ्या दोन धातूंच्या साहाय्यानें भट्टीची झडप आपोआप उघडण्याची व मिटण्याची योजनाहि त्यानें केली होती. अंड्यांचें काम मोठें नाजूक. दोनचार अंश इकडे तिकडे झाले तर पिलें मरतात. म्हणूनच माणसांच्या आधीं कोंबडीच्या पिलांना नेमक्या उष्णतामानाचें सुख मिळालें. थंडी वाजली तर माणूस कांबळें घेतो, उकडलें तर खिडकी उघडतो, आणि इंधनाचा खर्च निमूटपणें सोसतो. अंड्याला ह्यांतलें कांहींच करतां येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत कारखाने, रुग्णालयें, शाळा व कचेऱ्या ह्यांच्या मोठमोठ्या इमारती उठल्या आणि खोलीगणिक शेकोटी पेटविणें अशक्य झालें. येथें दोन मार्ग पुढें आले. एक वाफेचा, दुसरा गरम पाण्याचा. अमेरिकेंत वाफेला पसंती मिळाली. कारण वाफ पंपावांचून उंच इमारतींत चढते, आणि थोड्या आकाराच्या रेडिएटरांतून पुष्कळ उष्णता देते. परंतु साध्या दाबाची वाफ म्हटली कीं ती शंभर अंशांचीच. कडाक्याची थंडी असो वा नुसती गारव्याची संध्याकाळ असो, रेडिएटर तापला तर तो हात भाजण्याइतका तापावयाचाच. वाफेला अधूनमधून बंद करतां येतें. पण तिला कोंबट करणें सोपें नव्हे. पाण्याचें तसें नाहीं. पाणी तीस अंशांचें करा, पन्नास अंशांचें करा, तें निमूटपणें तितकी ऊब घेऊन जातें. चार्ल्स हूड ह्यानें १८३७ सालीं गरम पाण्यानें इमारती तापविण्यावर इंग्रजींत एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अँजियर मार्च पर्किन्स ह्यानें १८३१ सालीं लंडनमध्यें जाड भिंतीच्या बारीक बंद नळांतून उकळबिंदूच्याहि वर तापलेलें पाणी खेळविण्याची पद्धति काढली. पण तिनें पाण्याचा मुख्य गुण, म्हणजे त्याचा सौम्यपणा, तोच सोडून दिला. पाण्याचा हा नम्र स्वभाव पुढील सर्व सुधारणांचा पाया ठरला.

थर्मोस्टॅट हा शब्द अँड्र्यू यूर ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें ग्रीक शब्दांवरून बनविला. दोन निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जोडल्या असतां उष्णतेनें त्या वांकतात. त्या वांकण्यानें झडप हालवावी, अशी त्याची योजना होती व तिचें पेटंट त्यानें १८३० सालीं घेतलें. तथापि ती योजना त्या काळीं फारशी पसरली नाहीं. ती गोष्ट घडून आली एका शिक्षकाच्या त्रासांतून. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत व्हाइटवॉटर येथें शिक्षक तयार करणारी एक सरकारी शाळा होती. तेथें वॉरन जॉन्सन हा अध्यापक असे. त्या इमारतीची भट्टी तळघरांत होती. कोणती खोली थंड आहे आणि कोणती फार तापली आहे हें पाहण्यासाठीं शाळेच्या शिपायास वर्गावर्गांतून हिंडावें लागे, पाठ चालू असतां आंत शिरून थर्मामीटर वाचावा लागे, आणि मग खालीं जाऊन झडपा फिरवाव्या लागत. विद्यार्थ्यांचें लक्ष उडे, शिपायाचे पाय दुखत, आणि तो खालीं पोंचेपर्यंत वरची स्थिति बदललेली असे. जॉन्सननें विजेच्या तारेनें खोलींतील थर्मामीटर तळघराशीं जोडला, म्हणजे खोली प्रमाणाबाहेर थंड वा गरम झाली कीं खालच्या माणसास सूचना मिळे. ह्या यंत्राचें पेटंट त्यास १८८३ सालीं मिळालें, आणि १८८५ सालीं मिलवॉकी येथें त्याची कंपनी उभी राहिली. त्याच वर्षीं मिनीॲपोलिस येथें आल्बर्ट बुट्झ ह्यानें खोलींतील थर्मोस्टॅटनें कोळशाच्या भट्टीची झडप उचलणारें यंत्र बनविलें व दुसऱ्या वर्षीं त्याचें पेटंट घेतलें. आगवाल्याचें अर्धें काम ह्या लहान यंत्रांनीं आपल्या शिरावर घेतलें.

परंतु खोलींतील थर्मोस्टॅटला एक उणीव जन्मतःच चिकटलेली आहे. खोली थंड झाल्यावरच त्याला थंडी कळते. विटांची जाड भिंत तापण्यास आणि निवण्यास तासचे तास घेते. बाहेर रात्रीं नऊ वाजतां कडाका पडला, तर त्याची वर्दी आंतल्या थर्मोस्टॅटला मध्यरात्रीं मिळणार. मग बॉयलर जोरानें पेटणार, पाणी एकदम तापणार, आणि भिंती भरभरून तापल्यावर खोली नको तितकी गरम होणार. शिवाय दिवाणखान्यांत टांगलेला एकच थर्मोस्टॅट सगळ्या घराचा कारभार पाहतो. दिवाणखान्यांत पाहुणे जमले, चूल पेटली, ऊन आलें, कीं त्याच्या मतें घर उबदार झालें. मग उत्तरेकडील खोलींत आजारी म्हातारें माणूस कुडकुडत असलें तरी त्याची दाद नाहीं. रोग जडल्यावर औषध शोधणारा वैद्य आणि ऋतु पाहून आधींच पथ्य सांगणारा वैद्य ह्यांत जें अंतर, तेंच आंतल्या व बाहेरच्या थर्मामीटरांत आहे. एक परिणाम मोजतो, दुसरा कारण मोजतो.

बाहेरची हवा पाहून पाण्याचें उष्णतामान ठरविण्याचें काम मोठ्या प्रमाणावर प्रथम घराघरांत नव्हे, तर शहराशहरांत झालें. एका केंद्रांतून अनेक घरांना उष्णता पुरविण्याचा धंदा बर्डसिल हॉली ह्यानें १८७७ सालीं न्यूयॉर्क प्रांतांतील लॉकपोर्ट येथें वाफेवर सुरू केला होता. रशियांत पुढें ह्या कामीं वाफेऐवजीं पाण्याचा स्वीकार झाला. १९२४ च्या नोव्हेंबरांत लेनिनग्राड, म्हणजे आजचें सेंट पीटर्सबर्ग, येथें फोंतांका नदीकाठच्या वीजकेंद्रांतील उष्णता प्रथम शेजारच्या घरास देण्यांत आली. वीज निर्माण करतांना वायां जाणारी उष्णता शहराच्या कामीं लावावयाची ही योजना पुढें सोव्हिएट राज्याच्या बहुतेक मोठ्या शहरांत पसरली. हजारों घरांतील लोकांना विचारून पाणी तापविणें केंद्राला शक्य नव्हतें. म्हणून प्रत्येक शहरासाठीं एक आलेख तयार करण्यांत येई. बाहेर इतके अंश, तर केंद्रांतून निघणारें पाणी इतके अंश, आणि परत येणारें इतके अंश. अत्यंत थंडीच्या दिवसासाठीं पाठविण्याचें पाणी १५० अंश व परतीचें ७० अंश, असें प्रमाण पुष्कळ ठिकाणीं धरलेलें असे. इमारतीच्या दाराशीं त्यांत परतीचें पाणी मिसळून तें रेडिएटरांसाठीं ९५ अंशांवर आणीत. हवा सौम्य झाली कीं आलेखाप्रमाणें हे आंकडे खालीं येत. हिवाळा केव्हां सुरू झाला हेंहि हवाच ठरवी. पांच दिवस लागोपाठ दिवसाचें सरासरी उष्णतामान ८ अंशांच्या खालीं राहिलें कीं शहराचे रेडिएटर सुरू होत.

ह्या थोर व्यवस्थेंतहि एक खोट राहिली. केंद्र बाहेरची हवा पाही, परंतु बहुतेक घरांतील रेडिएटरांना नियमनाची तोटीच नसे. केंद्राजवळचें घर तापे, दूरचें थंड राही. दक्षिणेकडील खोलींत ऊन आलें तरी पाणी तितकेंच कढत येई. मग रशियन खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांतील लहान तावदान उघडून लोक ती ऊब बाहेर सोडीत. केवळ बाहेरची हवा जाणून भागत नाहीं. खोलीचें शेवटचें म्हणणेंहि कोणीतरी ऐकावें लागतें, हा धडा त्यांतून मिळतो. त्याचें साधन डेन्मार्कांत निघालें. मॅड्स क्लाउसन ह्यानें १९३३ सालीं स्थापिलेल्या डॅनफॉस कारखान्यांत १९४३ सालीं रेडिएटरवर बसविण्याचा स्वयंचलित थर्मोस्टॅट जन्मास आला. खोली पुरेशी तापली कीं ही तोटी आपण होऊन पाणी अडविते. बाहेरचा थर्मामीटर सगळ्या घराचें पाणी ठरवितो आणि ही तोटी खोलीपुरती कसर भरून काढते; ह्या दोघांच्या जोडीनें काम पुरें झालें.

साधनें तयार झालीं. पण तीं घेण्याची निकड कोणास होती? महायुद्धानंतर यूरोपांत खनिज तेल स्वस्त झालें. कोळसा उपसणारा आगवाला गेला, तेलाचे बॉयलर आले. बॉयलर एकदां ८० किंवा ९० अंशांवर लावून ठेवावा आणि उकडलें तर खिडकी उघडावी, हीच रीत पडली. ती मोडली १९७३ च्या तेलसंकटानें. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आंखडला आणि कांहीं महिन्यांतच तेलाची किंमत पिंपामागें सुमारें ३ डॉलरांवरून १२ डॉलरांच्या घरांत गेली. पश्चिम जर्मनींत त्या वर्षीं चार रविवार मोटारी हांकण्यास बंदी होती. ज्या राष्ट्राच्या हिवाळ्याची किल्ली परक्याच्या हातीं आहे, त्यास आपल्या घरांतील अपव्यय परवडत नाहीं, हें तेव्हां सर्वांस कळून चुकलें. पश्चिम जर्मनीनें १९७६ सालीं ऊर्जा वांचविण्याचा कायदा केला आणि १९७८ सालीं त्याखालीं बॉयलरांविषयींचे नियम काढले. बाहेरचें उष्णतामान किंवा तशाच योग्य मोजमापास अनुसरून व वेळेप्रमाणें उष्णता आपोआप कमी करणारें साधन मध्यवर्ती यंत्रावर असलेंच पाहिजे, असा दंडक त्यांत घातला; खोलीखोलीच्या नियमनाचीहि तरतूद केली. जें शहाणपण कोंबड्यांच्या खुराड्यांत दीडदोनशें वर्षें पडून होतें, तें अशा रीतीनें कायद्याच्या बळानें माणसांच्या घरांत आलें.

तेव्हांपासून जर्मनींतील घरांच्या भिंतीवर एक लहानशी डबी दिसूं लागली. शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं तेथें गेलेल्या मराठी मंडळींच्या नजरेसहि ती पडत असेल. तिच्यांत बाहेरचें उष्णतामान मोजणारें साधन असतें. ती शक्यतों उत्तरेच्या बाजूस लावतात. कारण तिच्यावर ऊन पडलें, किंवा खिडकींतून निसटणारी ऊब तिला लागली, तर ती हवेविषयीं खोटी साक्ष देते आणि घर थंड पडतें. डबीच्या साक्षीवरून पाणी किती तापवावयाचें तें एका वक्ररेषेनें ठरतें. ही रेषा प्रत्येक घराची निराळी असते. पातळ भिंतींच्या जुन्या घराची रेषा उभी, जाड आवरणाच्या नव्या घराची रेषा आडवी. कडक थंडींतच घर थंड पडत असेल, तर रेषेचा चढ वाढवावयाचा. सौम्य हवेंतहि थंड वाटत असेल, तर सगळी रेषाच थोडी वर उचलावयाची. प्रत्येक बदलानंतर एकदोन दिवस थांबून पाहावें लागतें, कारण भिंतींना घाई ठाऊक नसते.

पुढें बॉयलरच्या रचनेंतच असा फरक झाला कीं ह्या युक्तीचें मोल दुप्पट झालें. नैसर्गिक वायु जळतांना पाण्याची वाफ तयार होते, आणि ती पूर्वीं धुराड्यांतून उडून जाई. परतीचें पाणी सुमारें ५५ अंशांहून थंड असलें, तर ही वाफ बॉयलरमध्येंच थिजून पाणी होते व आपली गुप्त उष्णता घराला देते. नैसर्गिक वायूच्या बाबतींत हा लाभ जास्तींत जास्त अकरा टक्क्यांपर्यंतचा आहे. इंग्लंड व वेल्समध्यें २००५ सालापासून नव्या वायु-बॉयलरांना ही रचना सक्तीची झाली. परंतु पुष्कळ ठिकाणीं नवा बॉयलर जुन्याच संवयीनें ७५-८० अंशांवर लावण्यांत आला. वाफ थिजलीच नाहीं, आणि ज्या लाभासाठीं पैसा मोजला तो धुराबरोबर निघून गेला. २०२२ सालीं युक्रेनवरील आक्रमणानंतर वायूचे भाव भडकले, गरीब कुटुंबांपुढें भाकरी कीं ऊब असा प्रश्न उभा राहिला, तेव्हां ब्रिटिश सरकारनेंच लोकांना बॉयलरचें पाणी ६० अंशांवर आणण्याची सूचना केली. त्याच वर्षाच्या जूनपासून इंग्लंडांतील नव्या योजना जास्तींत जास्त ५५ अंशांच्या पाण्यावर आंखण्याचा नियम लागू झाला. मात्र ही काटकसर रेडिएटरांच्या पाण्यापुरतीच समजावयाची. स्नानाचें पाणी टांकींत सांठविलेलें असेल तर तें ६० अंशांच्या आसपास ठेवावें लागतें. नाहींतर कोंबट पाण्यांत रोगजंतु वाढतात. १९७६ सालीं फिलाडेल्फिया येथें उद्भवलेल्या फुप्फुसाच्या सांथीवरून ज्यांचा शोध लागला, ते लेजिओनेला जंतु ह्यांपैकींच होत.

आतां तर अग्नीवांचून घर तापविणारे उष्णतापंप यूरोपांत पसरत आहेत. ते बाहेरच्या थंड हवेंतूनच उष्णता गोळा करून आंत आणतात. पाणी जितकें कमी तापवावें लागेल, तितकी वीज कमी लागते. ढोबळ हिशेबानें एका अंशामागें दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. त्यामुळें बाहेरच्या हवेप्रमाणें पाणी तापविणें हा ह्या यंत्राचा अलंकार नसून प्राण आहे.

ह्या सगळ्या वृत्तांतांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. न्यूटनचा नियम, यूरची धातूची पट्टी, जॉन्सनची तार, रशियन आलेख, डेन्मार्कची तोटी ह्यांपैकीं एकहि वस्तु दुर्मिळ किंवा फार महाग नव्हती. उशीर झाला तो ज्ञानाच्या अभावीं नव्हे, तर स्वस्ताईच्या भरांत. इंधन मुबलक असतां कोणी हिशेब केला नाहीं. आणि टंचाई आली तेव्हां तिचा पहिला चटका बसला तो भाड्याच्या खोलींत राहणाऱ्या, बॉयलरची किल्ली हातीं नसलेल्या माणसाला. घराबाहेर उष्णतामान किती आहे हें पाहून आंत किती जाळावें हें ठरविणें, ही गोष्ट लहान आहे. परंतु गरजेपुरतेंच जाळावें आणि गरज आधींच ओळखावी, ही संवय ज्या समाजास लागली, त्याचा हिवाळा थोड्या इंधनांत सुखानें जातो.